हातात बेड्या, पाठीत गोळी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच मालिकेबद्दल आहेत. शनिवार-रविवारी रात्री लागणारी ती पोलिसी मालिका पुण्यात घरोघरी पाहिली जाते, म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. शहरातल्या एका गजबजलेल्या उपाहारगृहात बॉम्ब फुटतो, अकरा माणसं जातात. इन्स्पेक्टर एका संशयिताला पकडतो, लॉकअपमध्ये उलटा टांगतो, त्याच्या तोंडून दुसऱ्या बॉम्बचा ठावठिकाणा काढतो आणि शहर वाचवतो. शेवटच्या भागात त्याला कोर्टात हजर करायचं असतं, पण गाडी ताम्हिणी घाटाकडे वळते. तिथे बेड्या घातलेल्या त्या माणसाला खाली उतरवून इन्स्पेक्टर पाठीत गोळी घालतो, म्हणतो, "झाला न्याय." मालिका संपते.

मी तीसेक वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात फौजदारी कामं केली. आधी सरकारी वकील म्हणून, पुढे आरोपींच्या बाजूने. या विषयावर मला बरंच बोलायचं आहे, त्यामुळे या वेळी मालमत्तेचे आणि भाडेकराराचे प्रश्न मागे ठेवले आहेत, त्या वाचकांनी समजून घ्यावं. पत्रं प्रश्नापुरती ठेवली आहेत. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : वकीलबाई, आमच्या सोसायटीने शेवटचा भाग क्लबहाउसमध्ये मोठ्या पडद्यावर लावला होता. गोळी सुटली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझा नातू तेवढा गप्प बसला आणि घरी येऊन म्हणाला, "आजोबा, हा खून आहे." त्यावरून घरात अजून वाद चालू आहे. मला सरळ सांगा, अकरा जणांचा जीव घेणाऱ्याचा जीव घेतला तर बिघडलं काय? बॅग त्यानेच ठेवली, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय.
– निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खरंच आहे, आपण पाहिलंय. पहिल्याच भागात कॅमेरा त्या माणसाच्या मागे मागे जातो, तो टेबलाखाली बॅग सरकवतो, चहाचे पैसे देतो, बाहेर पडतो. म्हणून त्याच्या गुन्ह्याबद्दल आपल्या मनात तिळमात्र शंका उरत नाही. पण मालिकेतल्या इन्स्पेक्टरने यातलं काही पाहिलेलं नाही. त्याच्या हाती काय आहे ते आठवा : एका खबऱ्याने सांगितलेलं नाव आणि मारून काढलेली कबुली. एवढंच. आपण पाहिलेलं आपण त्याच्या हातात नकळत देऊन टाकतो, आणि मग त्याने झाडलेली गोळी आपल्याला योग्य माणसाला लागली असं वाटतं.

आता आपल्या शहरात काय घडलं ते बघा. १३ फेब्रुवारी २०१० ला, शनिवारी संध्याकाळी, कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेत स्फोट झाला. १७ माणसं गेली, साठच्या आसपास जखमी झाली. त्या दिवसांत पुण्यात कोणाशीही बोला, ज्याने केलं त्याला चौकात लटकवा हेच ऐकू येत होतं. सप्टेंबरमध्ये एटीएसने हिमायत बेगला अटक केली. एप्रिल २०१३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. १७ मार्च २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने तोच पुरावा पुन्हा तपासला आणि त्याला स्फोटाच्या आणि कटाच्या आरोपांतून मुक्त केलं. स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप मात्र कायम ठेवली. दोन्ही गोष्टी एकाच निकालपत्रात आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात. तो माणूस धुतल्या तांदळासारखा आहे असं कोर्टाने म्हटलं नाही. त्याने बेकरीत माणसं मारली हे मात्र सिद्ध झालेलं नाही, असं म्हटलं.

समजा सप्टेंबर २०१० मध्ये कोणी त्याला घाटात उतरवून गोळी घातली असती. पुण्याने पेढे वाटले असते. सतरा घरांना सांगितलं गेलं असतं की तुमचा माणूस मारणारा मेला, आता शांत व्हा. बेकरीत बॅग कोणी ठेवली हा प्रश्न पुन्हा कोणीही विचारला नसता, कारण उत्तर मिळालं असं सगळ्यांनी धरलं असतं. आणि ते उत्तर उच्च न्यायालयात टिकण्याजोगं नव्हतं, हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

अशी फाईल अर्धवट मिटल्याचं उदाहरणही पुण्यातच आहे. पुण्यात घातपाताचा कट केल्याचा आरोप असलेला कतील सिद्दिकी येरवड्याच्या अंडा सेलमध्ये होता. ८ जून २०१२ ला तिथेच त्याचा खून झाला. तेव्हा बरं झालं म्हणणारे खूप भेटले. मी त्यांना एकच विचारायचे : त्याला काय माहीत होतं, कोणी पाठवलं होतं, पैसा कुठून आला, आता कोणाला विचारायचं? जो खटला उभा राहायचा तो राहिला नाही. तो दोषी असेल तर त्याच्या मागची माणसं सुटली. निर्दोष असेल तर आपल्या ताब्यात, आपल्या कुलपाआड एक निर्दोष माणूस मारला गेला. यातलं काय खरं, ते आता कधीच ठरणार नाही.

आणि तुकाराम ओंबळ्यांना आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर या सहायक फौजदाराने कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. दहा जणांपैकी तो एकटाच जिवंत सापडला, म्हणून ते दहा कुठून आले, कोणी शिकवलं, बोट कुठली होती, हे सगळं पुराव्यानिशी जगासमोर मांडता आलं. शेजारी देशालाही तो आपला नागरिक आहे हे मान्य करावं लागलं. टाळ्या वाजवायच्याच असतील तर माझ्या मते त्या हातांसाठी वाजवाव्यात. मालिकेतल्या इन्स्पेक्टरने त्यांच्या नेमकं उलट केलं आहे.

नातवाला माझा आशीर्वाद सांगा.

प्रश्न : बाई, तत्त्वं ऐकायला बरी वाटतात. मुंबईच्या लोकलमधले बॉम्बस्फोट २००६ चे. एकोणीस वर्षं खटला, आणि शेवटी उच्च न्यायालयात सगळे सुटले. माझा चुलता त्या काळात रोज विरार लोकलने जायचा, थोडक्यात वाचला. असा न्याय मिळणार असेल तर इन्स्पेक्टरची गोळी परवडली, असं मला वाटतं. माझं चुकतंय का?
– नोकरदार तरुण, चिंचवड

उत्तर : तुझा राग मला पोचला आणि तो खोटा नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये स्फोट झाले, १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तीनच दिवसांनी त्या न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. म्हणजे शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही.

पण हा खटला उच्च न्यायालयात कशावर आपटला, ते पाहा. कबुलीजबाब मारहाण करून घेतल्याचं दिसतं, म्हणून ते बाजूला पडले. मोक्क्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते, सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढची कबुली चालतच नाही. पण मोक्क्यातसुद्धा ती स्वखुशीची असावी लागते. ओळख परेड ज्याने घेतली त्याला तसा अधिकारच उरला नव्हता. साक्षीदार फार उशिरा पुढे आले. जप्त केलेला मुद्देमाल नीट सीलबंद ठेवल्याचं दाखवता आलं नाही.

आता मालिकेतला इन्स्पेक्टर आठव. उलटा टांगून कबुली घेणं, सही न घेता सामान उचलणं, कागद नंतर रंगवू असं म्हणणं. ज्या वागण्यावर आपण टाळ्या वाजवतो, त्याच वागण्याने खटले वरच्या कोर्टात कोसळतात. तू म्हणतोस कोर्टाने सोडलं म्हणून गोळी हवी. मी इतकी वर्षं फायली वाचून असं सांगते की लॉकअपमध्ये गोळीची मानसिकता शिरली, म्हणून कोर्टाला सोडावं लागतं. १८९ घरांचा अपराध करणाऱ्यांत, ज्यांनी बॉम्ब ठेवले त्यांच्यानंतर, ज्यांनी तपासाला आडवाट दाखवली त्यांचा नंबर लागतो. आणि या बारा जणांनी ते केलंच नसेल, तर खरे करणारे इतकी वर्षं मोकळे फिरले, हा विचार मला झोपू देत नाही.

याच राज्यात, याच कायद्याने चाललेला कसाबचा खटला बघ. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो, तो काढणाऱ्या छायाचित्रकाराची कोर्टातली साक्ष, पायाला गोळी लागलेल्या लहान मुलीने कुबड्या घेऊन येऊन त्याच्याकडे दाखवलेलं बोट, बोटींवरचा मुद्देमाल, फोनवरची संभाषणं, साडेसहाशेच्या आसपास साक्षीदार. जुलै २००९ मध्ये त्याने भर कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी न्यायाधीश ताहलियानी यांनी खटला थांबवला नाही, पुरावा पूर्ण घेतला. पुढे तो कबुलीवरून फिरला, पण खटल्याला धक्का लागला नाही. मे २०१० मध्ये शिक्षा, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालय, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय, नोव्हेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी साडेसात वाजता आपल्या येरवड्यात फाशी. चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आणखी मागे जायचं तर माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य. १० ऑगस्ट १९८६ ला कॅम्पात भर दिवसा त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या अतिरेकी मारेकऱ्यांना पुण्यातच कोर्टासमोर उभं केलं गेलं आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात फाशी झाली. फाशी असावी की नसावी यावर माझं मत वेगळं आहे, ते पुढे कधीतरी. पण कायद्याने अतिरेक्याला शिक्षा होतच नाही, हे पुण्यात राहणाऱ्याने तरी म्हणू नये.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. मालिकेत पंचनामा एकदाही दिसला नाही. आमची निम्मी जिंदगी पंच शोधण्यात गेली. पण मला एक विचारायचं आहे. दुसरा बॉम्ब खरंच फुटणार असेल आणि समोरच्याला ठाऊक असेल, तर दोन लगावल्या तर काय पाप?
– शिवाजीनगर

उत्तर : हवालदारसाहेब, तुमच्या खात्यातल्या माणसांवर माझी कित्येक कामं उभी राहिली. रात्री अडीच वाजता पावसात टॉर्च धरून पंचनामा लिहिणारा, प्रत्येक पुडीवर लाखेचं सील लावून पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत घालणारा हवालदार मालिकेत का दिसत नाही, हा माझाही प्रश्न आहे. तिथे सील तुटलेलं निघालं की गणेशखिंडीतल्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चांगला असो, उलटतपासणीत पाच मिनिटांत माती होते. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाणंही कायद्यात आलं आहे. पंच फितूर होण्याचं तुमचं दुखणं थोडं तरी कमी होईल.

आता दोन लगावण्याबद्दल. "समोरच्याला ठाऊक असेल तर" असं तुम्ही लिहिलंत. मालिकेच्या लेखकाला ते ठाऊक असतं. ठाण्यात बसलेल्याला नसतं. आणि मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून कुठलाही पत्ता सांगतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. त्याने घाबरून हडपसर म्हटलं आणि बॉम्ब स्वारगेटला असला, तर पथक हडपसरला असताना काय होईल? १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर सायकलींना लावलेले बॉम्ब फुटले. त्या रात्री एक न फुटलेला बॉम्ब बॉम्बशोधक पथकाने जागेवर निकामी केला. ते काम नाकाबंदी, श्वानपथक आणि शांत डोक्याच्या माणसांचं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट उत्तर देते : कायद्यात याला सूट नाही, आणि असू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मालिकेवरून वर्गात चर्चा झाली तेव्हा मी म्हटलं, अशा आरोपीचं वकीलपत्र मी घेईन. घरी कळल्यावर आई रडली, बाबा बोलत नाहीत. काका म्हणाले, देशद्रोह आहे हा. मी त्यांना कसं समजावू?
– लॉ कॉलेज रस्ता

उत्तर : बाळ, आधी आईजवळ बस. तिला देशाची नाही, तुझी काळजी आहे. ती काळजी अनाठायी नाही. कसाबसाठी नेमलेल्या पहिल्या वकिलांच्या घरासमोर निदर्शनं झाली होती. तू उद्या असं काम घेतलंस तर आईने काय काय ऐकायचं, याची तिला तुझ्याहून जास्त कल्पना आहे.

काकांना घटना वाचायला दे. कलम २२ : अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील. कलम ३९-अ : ज्याला परवडत नाही त्याला सरकारने मोफत मदत द्यायची. अतिरेक्याला वगळून, असं तिथे लिहिलेलं नाही. काही गावांतल्या वकील संघटना अमुक आरोपीचं काम कोणी घेऊ नये असे ठराव करायच्या. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव सपशेल बेकायदा ठरवले.

आणि हे मी सरकारी वकील म्हणून सांगते. समोर पोकळ वकील असला की खटला लवकर संपायचा, आरोपीला शिक्षा व्हायची, आणि अपिलात आमचं सगळं उघडं पडायचं. समोर कसलेला वकील असला की मी रात्र रात्र तयारी करायचे. ते निकाल वर टिकले. कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ वकील त्याच्या बाजूने उभा केला आणि तरीही फाशी कायम राहिली. आज त्या शिक्षेवर कोणी बोट ठेवू शकत नाही याचं श्रेय त्या वकिलांनाही आहे. त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद यांच्यावर नकाशे पुरवल्याचा आरोप होता. पुरावा पटला नाही म्हणून खालच्या कोर्टाने त्यांना सोडलं, वरच्या दोन्ही कोर्टांनी ते कायम केलं. देश हादरलेला असताना, त्याच न्यायाधीशांनी, त्याच टेबलावर. काकांना हे नीट सांग. हा खटला मला आपल्या न्यायव्यवस्थेतला सर्वांत अभिमानाचा वाटतो.

काम घेशील तेव्हा घे. घरच्यांशी भांडून मात्र घेऊ नकोस, त्यांना बरोबर घेऊन घे.

प्रश्न : मालिकेत बॉम्ब ठेवणारा, पैसे पुरवणारा, खोली भाड्याने देणारा, सगळे आमच्याच नावांचे. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी गंमत म्हणून मालिकेतल्या संशयिताशेजारी त्याचा फोटो चिकटवला. तो आता डबा घेऊन एकटा बसतो. मी शिक्षिका आहे, दुसऱ्यांच्या मुलांना समजावते. स्वतःच्या मुलाला काय सांगू?
– कोंढवा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. पहिलं काम म्हणजे तो फोटो आणि खालचे शेरे जपून ठेवा, पुसू नका. विभागप्रमुखांना लेखी द्या आणि पोच घ्या. मुलाने एकट्याने जाऊ नये, तुम्ही जा. त्या मुलांच्या आई-वडिलांना बोलवायला सांगा. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं. मिटलं नाही तर मला पुन्हा लिहा, पुढचं मी बघते.

मुलाला सांगा की जर्मन बेकरीत ज्यांनी माणसं मारली ते धर्माचं नाव घेणारे असोत वा नसोत, त्यांचं ओझं त्याच्या खांद्यावर नाही. मुंबईवर हल्ला करून मेलेल्या नऊ जणांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईतल्या मुस्लिम संस्थेने साफ नकार दिला होता, हेही त्याला माहीत असू दे. त्याच्या मित्रांना मालेगाव माहीत असावं. ८ सप्टेंबर २००६ ला तिथल्या कबरस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते मुसलमान, पकडले गेले तेही नऊ मुसलमान. त्यांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली, २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. नावावरून गुन्हेगार ठरवला की काय होतं, ते तिथे जाऊन बघावं.

मालिकेबद्दलही तक्रार करता येते. मनोरंजन वाहिन्यांसाठी बीसीसीसी ही परिषद २०११ पासून आहे. कुठल्या दिवशीचा भाग, किती वाजता, काय दाखवलं, एवढं लिहून पाठवा. तुम्ही पाठवाच. मीही पाठवते आहे.

प्रश्न : कसाबला रोज बिर्याणी दिली हे खरं का?
– सिंहगड रस्ता

उत्तर : नाही. कसाबविषयी सहानुभूतीचं वातावरण तयार होत होतं, ते मोडण्यासाठी ती गोष्ट आपण रचली होती, असं त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जयपूरला पत्रकारांना सांगितलं.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी एका स्फोटात सापडला. कुठला ते लिहीत नाही. एका कानाने ऐकू येत नाही, मांडीत अजून लोखंडाचे तुकडे आहेत, थंडीत ठणकतात. रिक्षाच्या टायरचा आवाज झाला तरी दचकतो. आमच्याकडे सगळे मालिका बघतात, तो आतल्या खोलीत जातो. मालिकेत जखमी माणसं पहिल्या भागात स्ट्रेचरवर दिसली, पुढे एकदाही नाही. अतिरेक्याला फाशी की गोळी यावर सगळे बोलतात. आम्हाला न्याय म्हणजे काय, हे कोणी विचारलंय का?
– नाव-गाव देऊ नये

उत्तर : तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यावर सविस्तर लिहायचं होतं.

कोर्टात जखमी माणूस साक्षीदार क्रमांक अमुक असतो. समन्स येतं, तो कामावरून रजा काढतो, बाकावर बसतो, तारीख पडते, घरी जातो. पुन्हा समन्स. साक्ष झाली की त्याचा आणि खटल्याचा संबंध संपतो. निकाल त्याला टीव्हीवरून कळतो. मी स्वतः अशा कित्येक माणसांची साक्ष नोंदवली आहे. त्यांच्या अंगावरच्या जखमा मी कोर्टाला मोजून दाखवल्या, कारण त्याने गुन्हा सिद्ध होत होता. त्या जखमांवर नंतर काय झालं, हे विचारायला माझ्या कामाच्या कागदांत जागाच नव्हती. आपली सगळी यंत्रणा आरोपीभोवती फिरते. मालिकाही तेच करते, फक्त शेवट बदलते.

थोडं बदललं आहे, ते सांगते. तपास कुठवर आला हे पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. खटल्यात प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क पीडिताला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क २००९ पासून पीडितालाही आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या खटल्यात काय चाललंय हे विचारायला तुम्हाला कोणाची मेहेरबानी लागत नाही.

पैशाचं बोलायला संकोच करू नका. दहशतवादी हिंसेतल्या नागरिकांसाठी केंद्र सरकारची योजना २००८ पासून आहे. मृत्यू किंवा कायमचं मोठं अपंगत्व आल्यास आता पाच लाख रुपये मिळतात. त्यासाठी अपंगत्व पन्नास टक्के किंवा अधिक असावं लागतं. एक कान गेला, मांडीत लोखंड राहिलं, रात्रीची झोप गेली, हे त्या मोजपट्टीत सहसा बसत नाही. हा मला उघड अन्याय वाटतो. दचकून उठणारा माणूस शंभर टक्के कामाला जाऊ शकत नाही, हे कोणत्या टक्केवारीत धरायचं? घाटातल्या गोळीवर एवढी पत्रं आली, या पन्नास टक्क्यांवर एकही आलं नाही. तुमच्याखेरीज.

पण दुसरी वाट आहे. फौजदारी कायद्यात पीडितांना भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७-अ होतं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की गुन्हेगार सापडला नसेल, त्याची ओळख पटली नसेल, खटला चाललाच नसेल, तरी भरपाई मागता येते. आरोपीला फाशी होवो, जन्मठेप होवो, तो सुटो, त्याच्याशी तुमच्या भावाचा अर्ज बांधलेला नाही. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असं कायदा सांगतो.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. पुण्यात त्यांचं कार्यालय शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात आहे. एफआयआरची प्रत, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, कानाची तपासणी आणि मांडीचा एक्स-रे जोडा. अपंगत्वाचा दाखला नसेल तर ससूनमध्ये तपासणी करून घ्या. दचकण्याबद्दल, झोपेबद्दल मनोविकारतज्ज्ञांचं पत्रही जोडा, ते बहुतेक लोक विसरतात. इतकी वर्षं अर्ज का केला नाही, त्याचं कारण दोन ओळींत लिहा, अशी योजना आहे हे कोणी सांगितलं नाही हेही कारण आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, हवा असेल तर प्राधिकरण मोफत देतं. भावाला कोर्टाच्या गर्दीत यायचं नसेल तर त्याच्या सहीचा अर्ज घेऊन तुम्ही जा. आणि दाखल केल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.